बाईंची बावीस पानं

दहावीला मी अर्धमागधी घेतली ती मार्कांसाठी. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या शाळेत हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. संस्कृतला व्याकरण फार, हिंदीत मार्क पडत नाहीत, अर्धमागधी घ्या, स्कोअरिंग आहे. पाठ ठरलेले, भाषांतरं ठरलेली. बाई फळ्यावर मराठी अर्थ लिहून देत आणि आम्ही तो पाठ करायचो. उताऱ्याचे पहिले दोन शब्द ओळखीचे दिसले की पुढचं भाषांतर घडाघडा बाहेर पडायचं. पुस्तकातल्या बहुतेक गोष्टी कुणीतरी दीक्षा घेण्यापाशी संपायच्या. त्यामुळे शेवट आठवला नाही की ‘अखेर त्याने दीक्षा घेतली’ असं लिहून आम्ही मोकळ्या व्हायचो. मार्क मिळायचे. मला नव्वदच्या वर होते. भाषा मात्र येत नव्हती आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

बाईंनाही माहीत होतं. निकालानंतर पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, पाठांतर चांगलं आहे तुझं. एवढंच.

बाई मूळच्या सटाण्याच्या. बोलणं शुद्ध, पण रागावल्या की गावाकडचा हेल यायचा आणि वर्गात मागे खसखस पिकायची. बाविसाव्या वर्षी त्या सासरहून निघून आल्या होत्या. नाशिकला येऊन शिकल्या, नोकरीला लागल्या, पुन्हा तिकडे गेल्या नाहीत. हे आम्हां मुलींना कुणी सांगितलं होतं आठवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर बाई मला भेटल्या त्या दोन हजार सहाच्या सुमाराला. तोवर माझं लग्न झालं होतं. नवरा अंबडच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा आणि मी सिडकोत घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत डीटीपी आणि इंटरनेटचं सेंटर चालवत होते. चार मशीन होती. लग्नपत्रिका, कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट, निकालाच्या दिवसांत गर्दी. संक्रांतीच्या आसपास एका दुपारी बाई आत आल्या. दारातली पायरी त्यांनी पायानं चाचपली तेव्हाच माझ्या लक्षात आलं की डोळ्यांचं काहीतरी आहे.

बसल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं. पडद्याचा आजार होता. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. वाचण्याइतकी नजर अजून सहा-आठ महिने राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग पिशवीतून एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. एका जैन मंदिराच्या ग्रंथालयातून आणलेलं. त्यात एकच कथा त्यांना हवी होती, बावीस पानांची. तिचं मराठी भाषांतर कुठेही नव्हतं, निदान त्यांना मिळालं नव्हतं.

“तेहतीस वर्षं मी शिकवलं ते दुसऱ्यांनी लावलेले अर्थ,” त्या म्हणाल्या. “एक गोष्ट तरी स्वतः लावून वाचायची आहे. अख्खी.”

अडचण कोशाची होती. त्यांच्याकडे जाड जाड खंड होते, पण त्यातलं अक्षर मुंगीएवढं. एक शब्द शोधायला अर्धा तास लागायचा आणि तेवढ्यात मागचं वाक्य विसरायला व्हायचं. संगणकावर असा कोश मिळतो का, आणि अक्षर मोठं करता येतं का, हे विचारायला त्या आल्या होत्या. माझ्याकडेच का, तर मी त्यांची विद्यार्थिनी आणि माझ्याकडे मशीन.

मी शोधलं. खरं म्हणजे मला असल्या गोष्टींचा नाद होताच. दोन दुपारी घालवल्यावर ब्राउझरला जोडायची एक छोटी सोय सापडली, परदेशातल्या कुणा हौशी माणसानं करून फुकट ठेवलेली. पानावरच्या शब्दावर माऊस नेला की शेजारी एक पिवळी चौकट उघडायची आणि तिच्यात शब्दाचा अर्थ यायचा, इंग्रजीत. ती होती पाली आणि संस्कृतसाठी. पण अर्धमागधी त्या दोघींच्या नात्यातली, त्यामुळे दहातले पाच-सहा शब्द सापडायचे. न सापडलेल्या शब्दाला चौकट रिकामीच उघडायची.

अट एकच होती, मजकूर युनिकोडमध्ये हवा. आम्ही पत्रिका करायचो त्या फॉन्टची गंमत अशी की तो आमच्या सॉफ्टवेअरच्या बाहेर कुणाला कळत नसे. ब्राउझरमध्ये टाकला की देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. म्हणजे पुस्तकातली पानं वेगळ्या कीबोर्डवर पुन्हा टाईप करणं आलं. त्या कीबोर्डवर माझा वेग नव्याने टायपिंग शिकणाऱ्या मुलीएवढा होता. पण मी हो म्हटलं. पहिली दोन पानं टाईप केली, अक्षर टरबुजाएवढं केलं आणि बाईंना खुर्चीत बसवलं.

त्यांनी माऊस कधी धरला नव्हता. सुरुवातीला तो टेबलावरून पळायचा. मग जमलं. पहिली चौकट उघडली तेव्हा त्या मान तिरकी करून, कडेच्या नजरेनं ती बघत राहिल्या. दुसरी, तिसरी. चौथ्या शब्दाला चौकट रिकामी आली.

“ही तुझ्यापेक्षा बरी आहे,” बाई म्हणाल्या. “येत नाही तिथं गप्प बसते.”

दर मंगळवारी दुपारी दोनला त्या यायच्या, रिक्षा कोपऱ्यावर सोडून. मंगळवारी आमच्याकडे भारनियमन चारनंतर असायचं, म्हणून तो वार. मी आठवड्याला दोन पानं टाईप करून ठेवायची आणि त्या दोन तास बसून ती वाचायच्या. सापडलेला अर्थ मोठ्याने म्हणायच्या, रिकाम्या चौकटीशी थांबून स्वतःशी पुटपुटायच्या आणि बहुतेक वेळा तोही शब्द लावायच्या. प्रोजेक्टवाली मुलं आधी हसली. नंतर त्यातलीच एक-दोघं मंगळवारी विचारायला लागली, आजी, त्या बाईचं पुढे काय झालं?

ती बाई म्हणजे एका सावकाराची सून. घरातली मोत्यांची माळ हरवते, आळ हिच्यावर येतो आणि सासरा तिला घराबाहेर काढतो. माहेरी न जाता ती चालत एका बंदराच्या गावी पोचते. तिला वडिलांनी मोती पारखायला शिकवलेलं असतं. एका दुकानाच्या ओट्यावर बसून ती लोकांचे मोती पारखायला लागते. आठव्या पानापर्यंत तिचं नाव आसपास झालेलं असतं.

तिथे आम्ही थांबलो होतो. बाईंनी चष्मा पुसत म्हटलं, “बघू आता हिला काय करायला लावतात ते. घरी पाठवतात की अपासऱ्यात.” साध्वी राहतात त्या जागेला आमच्याकडे अपासरा म्हणतात. त्यांनी हे हसून म्हटलं, पण त्या बावीस पानांमध्ये त्यांना कशाचा तपास होता ते मला त्या दिवशी पुरतं कळलं. सासरहून निघालेल्या बाईला हे जुने लोक शेवटी कुठे नेऊन बसवतात, एवढंच त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. हे कळल्यानंतर मी जे केलं ते केलं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

होळीनंतर लग्नसराईचं काम अंगावर आलं. दिवसाला पाच-सहा पत्रिका, प्रत्येकीची तीन-तीन प्रुफं, प्रत्येक घरात एक काका ज्यांचं नाव राहिलेलं असतं. नव्या कीबोर्डवर एका पानाला मला दीड तास लागायचा. मग मी युक्ती केली. पत्रिकांच्याच फॉन्टमध्ये, ज्यात माझा हात गाडीसारखा चालायचा, नऊ ते सोळा अशी आठ पानं एका सकाळी झोडपून काढली. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारं एक साधन इंटरनेटवर आहे असं ऐकलं होतं, त्यातून काढू म्हटलं. काढलं. साध्या मराठीला ते बरं चालत असेल. अर्धमागधीत मात्र पावलोपावली जोडाक्षरं. त्या साधनानं प्रत्येक जोडाक्षर मोडून ठेवलं. पिवळी चौकट एकाही शब्दाला उघडेना.

आठ पानं पुन्हा टाईप करायची होती. ती मी केली नाहीत.

बाईंना काय सांगितलं? एका मंगळवारी लाईटचं वेळापत्रक बदललं म्हणून सांगितलं. ते खरंही होतं, पण पत्रिका तर निघतच होत्या. पुढच्या मंगळवारी मशीनमध्ये व्हायरस. त्याच्या पुढे मशीन दुरुस्तीला. आमच्या धंद्यात ‘प्रूफ उद्या’ हे कुणी खोटं मानत नाही, गिऱ्हाईकही नाही. बाई गिऱ्हाईक नव्हत्या हे माझ्या डोक्यात आलं नाही, की आलं आणि मी बाजूला केलं, आता सांगता येत नाही. त्या दर वेळी म्हणायच्या, असू दे, पुढच्या वेळी. आणि रिक्षा बघायला बाहेर जाऊन उभ्या राहायच्या. नवरा एकदा म्हणाला, तुझ्या बाईंची गोष्ट संपायच्या आधी आपला इन्व्हर्टर संपेल. मी हसले.

मे महिन्यात त्या आल्या तेव्हा मी जुनी आठ पानं उघडून दिली, पुन्हा एकदा बघा म्हणून. त्यांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मी अक्षर अजून मोठं केलं. एका वेळी तीनच अक्षरं पडद्यावर राहतील इतकं. बाईंनी माऊस सोडून दिला.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “आता नाही.”

आठ महिने म्हटले होते, चारच मिळाले. आणि त्यातले दोन मी व्हायरसवर काढले होते.

मला फार वाईट वाटलं, म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, बाई, मी वाचते, तुम्ही ऐका. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, आधी मूळ वाच, मग अर्थ. मी घड्याळ बघितलं. बाहेर एक पत्रिकावाले गृहस्थ येऊन बसले होते. मी म्हटलं, मूळ वाचत बसलो तर वेळ जाईल, मी सरळ चौकटीतला अर्थच सांगत जाते. बाई म्हणाल्या, बरं. त्या चौकटीवर त्यांचा विश्वास बसला होता.

चौकट नव्हतीच. नवव्या पानापासून पुढचं काहीच ब्राउझरला वाचता येण्यासारखं नव्हतं. मी पुस्तक मांडीवर घेतलं, पडद्यावर पहिलं पान तसंच ठेवलं आणि माऊस हलवत राहिले. मधून मधून क्लिक करत होते, बाईंना आवाज ऐकू जावा म्हणून. पुस्तकातले ओळखीचे शब्द तेवढे दिसत होते. ‘ससुर’ दिसला, ‘मोत्तिय’ दिसला. म्हणजे सासरा मोती घेऊन आला असणार. उरलेलं मी लावलं, दहावीत लावायचे तसं. पाठांतर केलेल्या मुलीला एक कला येते. कळलेलं नसताना न अडखळता बोलायची. ती कला माझ्या अंगात शाबूत होती. दोन दुपारींत चौदा पानं संपवली. सासऱ्यानं तिला ओळखलं. तो तिच्या पाया पडला. तिला वैराग्य आलं.

“अखेर तिने दीक्षा घेतली,” मी म्हटलं.

पंखा फिरत होता. मग बाईंनी विचारलं, “आणि तिचे मोती?”

“दान केले,” मी म्हटलं.

“हिचीही वाट तीच,” एवढं म्हणून त्या उठल्या. रिक्षापर्यंत मी त्यांचा हात धरून गेले. परत आले आणि पत्रिकेचं प्रूफ लावलं.

जूनमध्ये त्यांचा भाचा सटाण्याहून टेम्पो घेऊन आला आणि बाईंचं सामान घेऊन गेला. एकटीनं राहणं आता शक्य नव्हतं. निघताना त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं, ग्रंथालयात परत कर म्हणाल्या. मी परत केलं. पण करण्याआधी शेजारच्या दुकानातून बावीसही पानांच्या झेरॉक्स काढून घेतल्या. का, ते मला तेव्हा स्वतःशीही म्हणायचं नव्हतं.

आषाढ लागला, पत्रिकांचं काम बंद पडलं. एका दुपारी मी शेवटची दोन पानं काढली आणि नव्या कीबोर्डवर, एकेक अक्षर बघून, नीट टाईप केली. ब्राउझरमध्ये टाकली. चौकटी उघडायला लागल्या. रिकाम्या होत्या त्या शब्दांसाठी कागद-पेन घेऊन बसले, संस्कृतातला जवळचा शब्द शोधायचा, तो टाकून बघायचा. तीन दुपारी गेल्या. दोन पानांना तीन दुपारी. त्यातली एकही दुपार मला एप्रिलमध्ये मिळाली नव्हती.

दीक्षा कुठेच नव्हती. सासरा मोती घेऊन येतो, पण तिला ओळखत नाही. ती ओळखते. ती मोती हातात घेते, खरे कोणते, खोटे कोणते, वेगळे करून देते. तो आशीर्वाद देऊन निघून जातो. ती त्याला काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर येऊन बसते. कथा संपते.

मी ते तीनदा तपासलं. चूक सापडावी अशी इच्छा होती.

सटाण्याला जाऊन सांगायचं तर काय सांगायचं? की बाई, मी वाचलंच नव्हतं. त्यापेक्षा न सांगणं बरं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला पटवलं. त्यांना काय फरक पडतो, गोष्ट ती गोष्ट, असंही म्हणून बघितलं. ते खोटं होतं. अखेर गणपती झाल्यावर मी एसटीत बसले. पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या टेम्पोंमागे गाडी पाऊण तास अडकली आणि मला चक्क बरं वाटलं.

घर बाजारापासून जवळ होतं. भाचेसून ओसरीत लसूण सोलत बसली होती. मी बाईंची विद्यार्थिनी म्हटल्यावर तिनं आत हाक मारली आणि मला म्हणाली, “आत्या घरमाच शे. कुठं जाणार ती.”

बाई पलंगावर बसल्या होत्या, पाठ ताठ. आवाजावरून मला ओळखलं. मी चहा येण्याआधीच सांगून टाकलं. सगळं. फॉन्टचं, व्हायरसचं, मांडीवरच्या पुस्तकाचं, क्लिकचं. मग दीक्षेचं. बोलताना मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांना दिसत नव्हतं म्हणून बघता येत होतं.

बाई म्हणाल्या, “पान आणलंयस?”

मी म्हटलं, सगळ्या झेरॉक्स आणल्यात, अर्थही लिहून आणलाय.

“तुझा अर्थ नको. मूळ वाच.”

मी शेवटची दोन पानं वाचली. अडखळत, चुकत. त्या दुरुस्त करत होत्या. कानावर आलेला शब्द त्या जरा तोंडात घोळवायच्या आणि पुढे व्हायच्या. दोन-तीन ठिकाणी थांबवून मला चौकटीतला अर्थ विचारला, बाकी सगळं त्यांना ऐकूनच कळत होतं. मी वाचत होते आणि एक गोष्ट आता समोर दिसत होती. या बाईंना माझं मशीन लागत नव्हतं. त्यांना पुस्तक धरून वाचणारं एक तोंड हवं होतं. ते त्यांनी मे महिन्यात मागितलंही होतं.

वाचून झालं. ती दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन बसली.

“चार महिने मी त्या बाईवर रागावून होते,” बाई म्हणाल्या. “इतकी वर्षं स्वतःच्या बळावर बसली आणि सासरा आला की उठली, म्हणून.” मग जरा थांबून, “काय काय बोलले मी तिला मनात.”

मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला, माशी वारावी तसा. “ते राहू दे. मधलं वाच. नऊपासून.”

त्या दिवशी तीन पानं झाली, मग माझी पाचची गाडी होती. दिवाळीत भाऊबीज उरकून परत गेले, चार पानं झाली. बाई थट्टेच्या मूडमध्ये होत्या. भाचेसुनेला म्हणाल्या, हिला दहावीत अर्धमागधीत नव्वदच्या वर मार्क होते, ऐक कशी वाचते. ती बिचारी पदराआड हसली. फेब्रुवारीत गेले तेव्हा घरी पाहुणे होते, कांदा काढणी चालू होती, दोनच पानं झाली. अठरा, एकोणीस, वीस एवढी उरली. अठराव्या पानाच्या सुरुवातीलाच एक लांबलचक वाक्य आलं, मोत्यांच्या जातींचं वर्णन असावं. त्यातले चार शब्द बाईंना लागेनात.

मी म्हटलं, ही तीन पानं मी घेऊन जाते, घरी मशीनवर टाकून अर्थासकट आणते.

बाई म्हणाल्या, “कागद ठेव इथंच. ही वाचेल मला सवडीनं.” भाचेसुनेकडे हात करून.

मी म्हटलं, त्यांना जमायचं नाही, सगळी जोडाक्षरं आहेत. पंधरा दिवसांत येते ना मी.

बाईंनी फार धरलं नाही. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले. माझ्या मनात चांगलंच होतं. या वेळी काम नीट करायचं, एक शब्द हवेत सोडायचा नाही, असं मी गाडीत ठरवलं होतं. पहिल्या वेळी मी न वाचता अर्थ सांगितला होता, आता अर्थ लागल्याशिवाय वाचून दाखवायचं नाही, असं काहीतरी माझं चाललं होतं. बाईंनी अर्थ मागितला नव्हता, कागद मागितला होता. एवढी साधी गोष्ट दुसऱ्यांदा माझ्या ध्यानात आली नाही.

मार्च आला. पत्रिका आल्या. अठरावं पान टाईप झालं, एकोणिसावं अर्धं. मेमध्ये धाकट्या नणंदेचं लग्न. पावसाळ्यात जाऊ म्हटलं, तेव्हा रस्ते खराब. फोन करायची, तर बाई म्हणायच्या, ये सवडीनं. कधी विचारलं नाही त्यांनी, पानांचं काय झालं. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावला. असं वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात भाच्याचा फोन आला की आत्या गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही.

मी दहाव्याला गेले. कागद बरोबर होते. ते का नेले, मला सांगता येणार नाही. आता ते कुणाला द्यायचे होते? सगळं आटोपल्यावर भाचेसून पाणी घेऊन आली आणि उभ्याउभ्या म्हणाली, “ती तीन पानं आणली का हो ताई? आत्या कधी कधी म्हणायची, मधलं राहिलं म्हणून.”

मी पर्स उघडली आणि कागद तिच्या हातात दिले. तिनं घडी उलगडली, खिडकीच्या उजेडाकडे वळली आणि अठराव्या पानाच्या वरच्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागली. चार ओळी वाचल्या, पाच वाचल्या. कुठेही अडखळली नाही.

“कळत नाही यातलं काई,” ती म्हणाली, “पण वाचता येतं की.”

मी हो म्हटलं. पाचच्या गाडीला अजून अर्धा तास होता, तरी मी उठले.